किनेगिल्सचे वडील कोण? वेसेक्सच्या सॅक्सन राजांची गुंतलेली वंशावळ

बखरवाचक

इ.स. ६३५ मध्ये थेम्स नदीकाठच्या डॉर्चेस्टरला किनेगिल्स नावाच्या सॅक्सन राजाने बाप्तिस्मा घेतला. तो वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या वेस्ट सॅक्सनांच्या राज्याचा राजा. बाप्तिस्मा दिला बिरिनस या धर्मप्रचारकाने. उत्तरेकडच्या नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वाल्ड त्या वेळी धर्मपिता म्हणून उभा राहिला आणि त्याने किनेगिल्सच्या मुलीशी लग्नही केलं. हे सगळं बीड या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. त्याचा ग्रंथ ७३१ मध्ये पुरा झाला, आणि वेसेक्सची माहिती त्याला तिथल्याच डॅनिएल या बिशपकडून मिळाली होती. म्हणजे किनेगिल्स हा दंतकथेतला राजा नाही, तो खरोखर होऊन गेला.

पण त्याचे वडील कोण, हे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या सालवार नोंदींच्या ग्रंथाला विचारलं की तीन उत्तरं मिळतात. ६११ साली तो गादीवर आला, तिथे काही हस्तलिखितं म्हणतात चेओलाचा मुलगा. ६७६ च्या नोंदीत तो चेओलवुल्फचा मुलगा आहे. ६८८ च्या नोंदीत कुथविनेचा. ग्रंथ एकच, आल्फ्रेड राजाच्या काळात, ८९० च्या सुमारास संकलित झालेला. राजाही एकच.

वेसेक्सबद्दल वाचताना बहुतेक जण इथे वैतागून पुढे जातात, किंवा तिघांपैकी एक नाव निवडून तक्ता पुरा करतात. मला मात्र हा विसंवाद फार मोलाचा वाटतो. या तिन्ही नोंदी मुळात किनेगिल्सच्या आहेत का, ते आधी बघा. ६७६ ची नोंद चेंटविने गादीवर आला तेव्हाची आहे. ६८८ ची इने गादीवर आला तेव्हाची. प्रत्येक नवा राजा आपली वंशावळ घेऊन येतो आणि त्या ओघात किनेगिल्सचं नाव येतं. संकलकासमोर वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या शाखांची टिपणं होती. त्याने ती जशी होती तशी उतरवली, एकमेकांशी जुळवून घेतली नाहीत. त्याच्या या प्रामाणिकपणामुळे आज आपल्याला शिवण दिसते.

इनेचं उदाहरण जरा सावकाश पाहू. वंशावळीप्रमाणे इनेचे वडील चेनरेड, आजोबा चेओलवॉल्ड, पणजोबा कुथविने आणि त्याचे वडील चेआवलिन. चेआवलिननंतर या सरळ रेषेत वेसेक्सच्या गादीवर कोणी बसल्याचं राजयादी (राजांची नावं आणि राज्यकाळ देणारी वेगळी यादी) सांगत नाही. चेनरेड हयात होता, इनेने आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेत वडिलांचा सल्ला घेतल्याचं म्हटलं आहे, पण गादी मिळाली मुलाला. आणि मधली बरीच दशकं राज्य चाललं ते किनेगिल्स आणि त्याच्या मुलांचं. मग ६८८ ची नोंद काय सांगते? चेओलवॉल्ड हा किनेगिल्सचा भाऊ होता. या एका वाक्याने इने हा पूर्वीच्या राजांचा घरचा माणूस ठरतो. हे खोटंच असेल असं मी म्हणत नाही. पण ६८८ साली ते कोणाला हवं होतं, हे उघड आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वंशावळी वरून खाली वाचायच्या नाहीत. घराण्याचा मूळपुरुष मानलेल्या चेर्डिकपासून सुरुवात केली की सगळं कसं नीट मुलगा, नातू, पणतू असं उतरत येतं आणि आपण फसतो. खालून वर जायचं, आणि प्रत्येक पायरीवर विचारायचं की हे नातं कोणत्या साली, कोणाच्या हक्कासाठी लिहिलं गेलं.

आता वरच्या टोकाकडे. क्रॉनिकल म्हणतं, ४९५ मध्ये चेर्डिक आणि त्याचा मुलगा किनरिक पाच जहाजं घेऊन चेर्डिकेसोरा इथे उतरले. ५१४ मध्ये त्याच ठिकाणी वेस्ट सॅक्सन पुन्हा उतरतात, या वेळी तीन जहाजं. अंतर १९ वर्षं. राजयादी सांगते की उतरल्यानंतर सहा वर्षांनी राज्य जिंकलं, म्हणजे ५०० च्या आसपास. क्रॉनिकल राज्यस्थापना ५१९ ला ठेवतं. पुन्हा १९. ईस्टरची तारीख काढण्याचे तक्ते १९ वर्षांच्या चक्राने चालत, आणि मठांमध्ये घटनांची टिपणं याच तक्त्यांच्या कडेला केली जात. एकच घटना दोन चक्रांत दोनदा चढली असावी, हा अभ्यासकांचा अंदाज मला पूर्ण पटतो.

राज्यकाळांचंही तसंच. चेआवलिन क्रॉनिकलमध्ये ५६० ते ५९२ राज्य करतो, राजयादीच्या प्रतींमध्ये त्याला ७ किंवा १७ वर्षं दिली आहेत. डेव्हिड डमव्हिल या इतिहासकारांनी यादीच्या सगळ्या प्रती ताडून हिशेब मांडला, त्यात चेर्डिकचा काळ ५३८ ते ५५४ आणि चेआवलिनचा ५८१ ते ५८८ येतो. म्हणजे घराण्याचा मूळपुरुष जवळजवळ दोन पिढ्या खाली सरकला.

शिवाय किनरिक चेर्डिकचा मुलगा की नातू, हेही ठरत नाही. ४९५ च्या नोंदीत तो मुलगा आहे. पण आल्फ्रेडचं चरित्र लिहिणाऱ्या ॲसरने दिलेल्या वंशावळीत दोघांच्या मध्ये क्रेओडा आहे. हा क्रेओडा कुठल्याही लढाईत नाही, कुठल्याही सालात नाही, फक्त वंशावळीत आहे.

चेर्डिकच्या वरची नावं तर थेट वोडन देवापर्यंत जातात: एलेसा, एस्ला, गेविस, विग, फ्रेआविने, फ्रिथुगार, ब्रांड, बेल्डेग, वोडन. शेवटची तीन नावं उत्तरेकडच्या बर्निशियाच्या (नॉर्थंब्रियाचाच एक भाग) राजवंशावळीत जशीच्या तशी आहेत. केनेथ सिसम यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की वेसेक्सने बर्निशियाची यादी घेऊन तिच्यावर आपलं कलम केलं. असं कलम केव्हा झालं असेल? ऑस्वाल्ड बर्निशियाच्या घराण्याचा होता, किनेगिल्सचा धर्मपिता आणि जावई. अशा सोयरिकीत पूर्वजही एक होतात.

पुढे ८५५ च्या नोंदीत आल्फ्रेडचे वडील एथेलवुल्फ यांची वंशावळ वोडनच्याही वर जाते, नोहाच्या तारवात जन्मलेल्या पुत्रापर्यंत आणि तिथून आदमपर्यंत.

ज्यांनी या काळावर वाचलं आहे त्यांनी भर घालावी. चेर्डिकबद्दल आणि आल्फ्रेडचे आजोबा एग्बर्ट यांच्याबद्दल विशेष.

सोनचाफा

वाचनखूण साठवली. एक शंका. कुथविने, कुथवुल्फ, कुथा ही तीन माणसं आहेत की एकच? मी तक्ता काढायला बसले आणि तिथेच अडले.

बखरवाचक

सोनचाफा, तिथे सगळेच अडतात. कुथा हे लाडकं, आखूड नाव. कुथविनेचंही होऊ शकतं आणि कुथवुल्फचंही. क्रॉनिकलमध्ये ५६८ ला चेआवलिनबरोबर कुथा लढतो, ५७१ ला कुथवुल्फ, ५७७ ला डिरमच्या लढाईत कुथविने, आणि ५८४ ला फेथनलीगला कुथा मारला जातो. या नोंदींमध्ये एक कुथा किनरिकचा मुलगा धरावा लागतो, दुसरा चेआवलिनचा. किनेगिल्सच्या आजोबांचा घोळ बराचसा इथूनच निघतो. तक्त्यात त्या जागी ठळक रेघ मारू नका, तुटक मारा.

दक्षिणकाठ

मी साउदॅम्प्टनला राहतो, त्यामुळे चेर्डिक उतरला म्हणतात तो किनारा माझ्या रोजच्या फिरण्यातला. त्याविषयी लिहितो.

क्रॉनिकलची गोष्ट सोलंट आणि वाइट बेटाच्या परिसरात घडते. पण बीड स्पष्ट सांगतो की वाइट बेटावर आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर ज्यूट लोक राहत होते, सॅक्सन नव्हे. वाइट बेट वेसेक्सचा राजा काडवाला याने जिंकलं ते ६८५ नंतर, फार रक्तपात करून. मग ज्या किनाऱ्यावर वेसेक्सच्या राजाची सत्ता सातव्या शतकाच्या शेवटी पक्की झाली, तिथे त्याचा पूर्वज ४९५ मध्येच कसा उतरला?

पुरातत्त्व वेगळीच दिशा दाखवतं. या लोकांच्या जुन्या वस्तीच्या खुणा, दफनं, जडावाच्या पिना वगैरे थेम्सच्या वरच्या खोऱ्यात दाट आहेत, म्हणजे डॉर्चेस्टरच्या आसपास. पहिला बिशपही तिथेच बसला, विंचेस्टरला नाही. बीड सांगतो की वेस्ट सॅक्सनांचं जुनं नाव गेविसे. चेर्डिकच्या वरच्या यादीत 'गेविस' हा पूर्वज आहे ना, तो या टोळीच्या नावावरून घडवलेला दिसतो.

तेव्हा दक्षिण किनाऱ्यावर उतरल्याची कथा ही काडवालाच्या विजयानंतरची असावी असं मला वाटतं. जिंकलेली जमीन मुळातच आपली होती, हे सांगणारी. त्या कथेतली काही माणसंही गावांच्या नावांतून उपजलेली दिसतात. ५०१ मध्ये पोर्ट नावाचा वीर पोर्ट्समथला उतरतो. ५०८ मध्ये नाटनलेओड नावाचा ब्रिटन (म्हणजे सॅक्सनांच्या आधीपासून इथे राहणाऱ्या लोकांचा) राजा ५००० माणसांसह मारला जातो आणि त्या मुलखाला त्याचं नाव पडतं. विटगार वाइट बेटावर राज्य करतो.

शंकेखोर

बखरवाचक, दक्षिणकाठ, दोघांचंही पटतंय. पण मग एक थेट प्रश्न. चेर्डिक होता की नाही? दोन्ही बाजू नको, तुमचं मत द्या.

बखरवाचक

होता, असं माझं मत आहे. कारण त्याचं नाव.

चेर्डिक हे नाव सॅक्सन नाही. ते ब्रिटनांच्या भाषेतलं आहे, वेल्समधल्या केरेडिगचं भावंड. मनाने रचलेला मूळपुरुष असता तर आठव्या-नवव्या शतकातल्या सॅक्सन पंडिताने त्याला शत्रूच्या भाषेतलं नाव का दिलं असतं? पोर्ट आणि विटगार रचता येतात कारण गावं समोर असतात. चेर्डिकचं नाव आधीपासून होतं आणि ते टाळता येत नव्हतं, म्हणून राहिलं. त्याच घराण्यात पुढे काडवाला हेही ब्रिटन नावच येतं. या घराण्यात ब्रिटन रक्त किंवा निदान ब्रिटन सोयरिक होती, एवढं मी धरून चालतो.

चेर्डिकचा हक्क सगळ्यांनी सांगितला, हाही एक पुरावा. एकमेकांचे गळे धरणाऱ्या शाखा एका बाबतीत एकमत होत्या, की राजा चेर्डिकच्या वंशातला हवा. किनेवुल्फ (७५७) आणि बेओर्ट्रिक (७८६) यांच्याबद्दल तर क्रॉनिकल मधल्या पायऱ्या देतच नाही. त्यांचं पितृकुळ चेर्डिकपर्यंत जातं, एवढंच म्हणतं. अख्ख्या ग्रंथातलं वंशाबद्दलचं सर्वांत विश्वासार्ह विधान मी यालाच म्हणेन.

बाकी तो किनाऱ्यावर उतरला का, पाच जहाजं होती का, किनरिक त्याचा कोण, यातलं काहीही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

शंकेखोर

हे पटलं. पण माझा आक्षेप यादीच्या आकारावर आहे. एकामागून एक राजा, हेच मुळात खरं नसावं. बीड सांगतो की वेसेक्सचा राजा चेनवॉल्ह वारल्यावर छोट्या राजांनी राज्य वाटून घेतलं आणि सुमारे १० वर्षं ते तसंच चाललं. क्रॉनिकलमध्ये त्याच काळात ६७२ ला राणी सेक्सबर, ६७४ ला एस्कविने, ६७६ ला चेंटविने अशी सुबक रांग आहे.

त्याआधीचंही बघा. ६२६ मध्ये नॉर्थंब्रियाच्या एडविनवर मारेकरी कोणी घातला? बीडच्या म्हणण्यानुसार वेस्ट सॅक्सनांचा राजा क्विचेल्म याने. पण यादीप्रमाणे तेव्हा राजा किनेगिल्स. आणि क्रॉनिकलच्या एका हस्तलिखितात एडविनने सूड म्हणून तिथले पाच राजे मारल्याची नोंद आहे. पाच! आणि किनेगिल्स तरीही जिवंत.

म्हणजे एका वेळी अनेक राजे नांदत होते. यादी करणाऱ्याने आडव्या रांगेतल्या माणसांना उभ्या रांगेत लावलं. त्याने काळ लांबला आणि चुलतभावांचे बाप-लेक झाले.

बखरवाचक

शंकेखोर, हा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो मुख्य लेखात असायला हवा होता. डमव्हिलच्या हिशेबात चेर्डिक खाली सरकतो याचं कारणही यानेच समजायला सोपं जातं. घराणं ४९५ पर्यंत जुनं करायचं आणि हाताशी नावं थोडी, तर राज्यकाळ ताणावे लागतात.

पानाडी

डीएनएने हा गुंता सुटेल का? विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये या राजांची हाडं आहेत ना?

दक्षिणकाठ

पानाडी, आहेत, पण फार विस्कटलेली. मी ती जागा बघितली आहे. कॅथीड्रलमध्ये उंचावर रंगवलेल्या सहा लाकडी पेट्या आहेत. त्यांवर राजांची, बिशपांची आणि राणी एमाची नावं आहेत, किनेगिल्सचंही आहे. १६४२ मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैनिकांनी पेट्यांतली हाडं बाहेर काढून विखुरली, नंतर ती जमेल तशी परत भरली गेली. अलीकडे ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी १३०० हून जास्त हाडं लावून बघितली. २०१९ मध्ये जाहीर झालं की ती किमान २३ माणसांची आहेत, म्हणजे पेट्यांवरच्या नावांपेक्षा कितीतरी जास्त. त्यातला एक स्त्रीदेह बहुधा एमाचा. काळ उत्तर सॅक्सन ते नॉर्मन सुरुवातीचा निघाला, त्यामुळे किनेगिल्सची आशा धरू नका.

आल्फ्रेडची गत तशीच. ज्या थडग्यात तो आहे असं म्हणत, तिथली हाडं दुसऱ्याच काळातली निघाली. मग हाइड ॲबीच्या जुन्या उत्खननात सापडलेल्या कमरेच्या हाडाचा तुकडा तपासला. काळ ८९५ ते १०१७, पुरुष. आल्फ्रेड किंवा त्याचा मुलगा एडवर्ड असू शकेल, एवढ्यावरच २०१४ मध्ये थांबावं लागलं.

एक गोष्ट मात्र खरोखर सिद्ध झाली, आणि ती इंग्लंडमध्ये नाही तर जर्मनीत. आल्फ्रेडची नात एडगिथ हिचं लग्न जर्मनीतल्या सॅक्सन घराण्याच्या ओटोशी झालं होतं, तोच पुढे सम्राट झाला. ती ९४६ मध्ये वारली. २००८ मध्ये मॅग्डेबर्गच्या कॅथीड्रलमधलं तिचं थडगं उघडलं, आत शिशाची पेटी आणि त्यात हाडं. दातांतल्या स्ट्रॉन्शियम आणि ऑक्सिजनवरून कळलं की ही बाई लहानपणी दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांच्या मुलखात वाढली. वेसेक्सच्या राजकन्येला हे नेमकं लागू पडतं.

पण हे ध्यानात घ्या की दातांनी ती कुठे वाढली ते सांगितलं. ती कोणाची मुलगी, ते कागदांनीच सांगितलं. चेर्डिक आणि किनरिकची हाडं सापडली तरी ती त्यांचीच हे कोण ओळखणार? नाव लिहिलेलं थडगं त्या काळी नसे.

तिसरा प्रहर

आजचे ब्रिटनचे राजे चेर्डिकचे वंशज आहेत असं वाचलं होतं. त्यात तथ्य किती?

बखरवाचक

एग्बर्टपर्यंत पूर्ण तथ्य. पहिल्या हेन्रीने ११०० मध्ये स्कॉटलंडच्या मटिल्डाशी लग्न केलं. तिची आई मार्गारेट, मार्गारेटचे वडील निर्वासित एडवर्ड, त्यांचे वडील एडमंड आयर्नसाइड. तिथून आल्फ्रेड, एथेलवुल्फ आणि ८०२ मध्ये गादीवर आलेला एग्बर्ट. या साखळीची प्रत्येक कडी पक्की आहे.

एग्बर्टच्या वर मात्र जपून. वंशावळ म्हणते एग्बर्ट, एआल्हमुंड, एआफा, एओप्पा, इंगिल्ड. इंगिल्ड हा इनेचा भाऊ. इंगिल्डच्या मृत्यूचं साल (७१८) क्रॉनिकलमध्ये आहे. एआफा आणि एओप्पा वंशावळीबाहेर कुठेच भेटत नाहीत. नेमक्या त्या दोन पिढ्यांवर वेसेक्सच्या सगळ्या पुढच्या राजांचा चेर्डिकशी असलेला धागा लोंबकळतो आहे.

शंकेखोर

आणि एआल्हमुंड? ७८४ च्या सुमारास केंटमध्ये त्याच नावाचा राजा आहे. एग्बर्ट मुळात केंटचा, आणि वेसेक्सची वंशावळ नंतर चिकटवली, असं मानणारे अभ्यासक आहेत. मलाही तेच जास्त संभवनीय वाटतं. बेओर्ट्रिक आणि मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या राज्याचा राजा ओफा या दोघांनी मिळून एग्बर्टला फ्रँकांच्या मुलखात हाकललं. केंट गिळायला निघालेल्या ओफाला तो नको असणार हे उघड आहे.

बखरवाचक

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाही, तो मी देतो. ८२५ मध्ये एलेनडनच्या लढाईत एग्बर्टने मर्सियाचा पराभव केला आणि मुलाला, एथेलवुल्फला, सैन्य देऊन केंटला पाठवलं. केंटचे लोक शरण आले. क्रॉनिकल कारण देतं, की त्यांना पूर्वी अन्यायाने एग्बर्टच्या नातलगांपासून तोडलं गेलं होतं. म्हणजे केंटमध्ये त्याचे नातलग राज्य करत होते, हे वेसेक्सचाच ग्रंथ कबूल करतो.

तरीही मी इंगिल्डची कडी पुसणार नाही. एग्बर्ट केंटच्या राजाचा मुलगा असून पितृकुळाने वेसेक्सचा असू शकतो, कारण एआल्हमुंड स्वतःच वेसेक्सहून तिथे गेलेला असेल. किंवा केंट आईकडून आलं असेल. आणि ८०२ मध्ये त्याला वेसेक्सच्या सरदारांनी स्वीकारलं, ते सगळे या घराण्याच्या शाखा ओळखून होते. पूर्ण परक्या माणसाला त्यांनी इतक्या सहज बसू दिलं नसतं.

शंकेखोर

सहज बसू दिलं का? तो गादीवर आला त्याच दिवशी मर्सियाच्या बाजूने ह्विचे लोकांनी केम्प्सफर्डला नदी ओलांडली आणि विल्टशायरवाल्यांशी त्यांची लढाई झाली. दोन्हीकडचे सरदार पडले.

बखरवाचक

ती लढाई बाहेरच्यांशी. विल्टशायरवाले एग्बर्टच्या बाजूने लढले आणि जिंकले, हे माझ्याच बाजूला जातं. पण सनदांवरच्या साक्षीदारांची नावं बघायला हवीत. बेओर्ट्रिकच्या सनदांवर सही करणारे किती सरदार एग्बर्टच्या सनदांवरही दिसतात, ते ताडून इथेच टाकतो.

सोनचाफा

तोवर माझा तक्ता तुटक रेघांनी तयार होतोय. क्रेओडाला चौकट दिलेली नाही, नाव फक्त पेन्सिलीने लिहिलंय. एआफा आणि एओप्पालाही तसंच ठेवू का?

बखरवाचक

हो. आणि किनेगिल्सच्या वर तिन्ही रेघा काढा, प्रत्येक रेघेवर तिचं साल लिहा.